आबांची सोपी फेरी

प्रत्येक कॉलनीत गणपतीची वर्गणी गोळा करणारा एक असतो, पाण्याच्या टाकीवर डोळा ठेवून बसणारा एक असतो, आणि गेल्या काही वर्षांत एक सायकलवालाही निघाला आहे. पहिल्या दोघांपासून सुटका आहे. पावती फाडली की वर्गणीवाला पुढच्या दाराला जातो, टाकी भरली की टाकीवाला गप्प बसतो. सायकलवाल्याला तुमचे पैसे नकोत आणि पाणीही नको. त्याला तुम्ही हवे असता. तेसुद्धा सहकुटुंब, रविवारी, पहाटे सहाला.

आमच्या कोल्हापुरातल्या कॉलनीत या गृहस्थांना सगळे आबा म्हणतात. रिटायर झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, नाहीतर शेअर बाजारात. आबा सायकलच्या दुकानात गेले आणि एकवीस गिअरची सायकल घेऊन आले. रंकाळा तलाव घरापासून दहा मिनिटांवर, तिथं फिरायला एकवीस गिअर कशाला, असं कुणीतरी विचारलंच. आबा शांतपणे म्हणाले, "लागत नाहीत. पण असावेत." मग हेल्मेट आलं, हातमोजे आले, पाठीवर पाणी वाहायची नळीवाली पिशवी आली, आणि एक दिवस बुडाला गादी शिवलेली ती घट्ट काळी चड्डी आली. ती घालून आबा पहिल्यांदा फाटकाबाहेर पडले तेव्हा समोरच्या आजी तुळशीला पाणी घालत होत्या. त्या तांब्या तिथंच ठेवून आत गेल्या. आबांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, त्याच दिवशी फर्मान काढलं. तेव्हापासून आबा चड्डीवर खाकी हाफ पँट चढवतात. सायकलवाल्यांच्या जगात हा पोशाख कुठंच बसत नाही, पण कॉलनीत बसतो.

आबा एकटेच फिरले असते तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण ही जात एकट्यानं सुखी होत नाही. भजनाला जाणारा माणूस टाळकरी शोधतो, पत्ते खेळणारा चौथा शोधतो, आबा कुटुंबं शोधतात. एकटादुकटा तरुण सायकलस्वार त्यांना चालत नाही. तो पुढं निघून जातो. त्यांना हवे असतात नवरा, बायको, दोन मुलं, जमल्यास एक आजी. आणि या सगळ्यांसाठी त्यांच्याजवळ एकच शब्द आहे: सोपं.

"एकदम सोपं हो. चढ नाही, उतार नाही. तलाव म्हटल्यावर पाणी सपाट असतंय. पाणी सपाट म्हटल्यावर काठ सपाट. काठ सपाट म्हटल्यावर रस्ता सपाट." हे तर्कशास्त्र ते इतक्या विश्वासानं मांडतात की ऐकणाऱ्याला वाटावं, चढ नावाची गोष्ट फक्त तलाव नसलेल्या गावांत सापडते. ज्याला हे पटत नाही त्याच्यासाठी वेगळा माल काढतात. ज्याची साखर वाढली आहे त्याला साखर कमी होईल म्हणतात. पोराला आइस्क्रीम कबूल करतात, आणि पोराच्या आईला आइस्क्रीम मिळणार नाही हे कबूल करतात. आजींना सांगतात, वाटेत जावळाचा गणपती होतोय. नव्यानं राहायला आलेल्या नवराबायकोला बाजूला घेऊन म्हणतात, "आमच्या लग्नानंतर आम्ही डबलसीट रंकाळ्याला यायचो." काकू हे नाकारतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या चालत यायच्या आणि आबा सायकल हातात धरून चालायचे, कारण मागच्या चाकात हवा नसायची.

रंकाळ्याभोवतीच्या या फेरीचा मुहूर्त ठरलेला: ३ जूनच्या जवळचा रविवार. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला. आबांना ही गोष्ट कळल्यापासून त्यांच्या घरी दिवाळी, दसरा आणि ३ जून असे तीन सण. त्यातल्या तिसऱ्याला दुःखाची किनार आहे. २०२० मध्ये नेमक्या याच दिवशी ॲटलास कंपनीनं साहिबाबादचा कारखाना थांबवला. आबांच्या वडिलांची काळी ॲटलास अजून त्यांच्या जिन्याखाली उभी आहे. मागच्या मडगार्डवर जुन्या नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला आहे. एके काळी सायकलवर कर होता आणि बिल्ला नसला की शिपाई सायकल धरायचा, हे आबा आजच्या पोरांना सांगतात. पोरं विचारतात, "मग हेल्मेट नसलं तर?" आबा म्हणतात, "तेव्हा डोकी घट्ट होती."

जून म्हणजे कोल्हापुरात कधीही पाऊस. कुणी हा मुद्दा काढला तर आबांचं उत्तर तयार: "पावसाच्या आत होतंय की. चार-साडेचार किलोमीटर तर आहे."

त्या चार-साडेचार किलोमीटरवरही एक प्रकरण झालं होतं. तीन जणांच्या मोबाइलनं तीन आकडे दाखवले. आबांना मोबाइलवर विश्वास नाही. त्यांनी सायकलच्या पुढच्या चाकाच्या तारेला इवलंसं चुंबक लावलंय. चाकाचा प्रत्येक फेरा हॅन्डलवरचं यंत्र मोजतं, पण त्याआधी चाकाचा घेर यंत्राला सांगावा लागतो. पुस्तकात दिलेला घेर आबांनी घेतला नाही. पार्किंगच्या फरशीवर बसून टायरला खडूची रेघ मारली, तशीच फरशीवर मारली, सायकलवर स्वतः बसले (माणसाच्या वजनानं टायर दबतो आणि घेर कमी होतो, म्हणून बसलंच पाहिजे), आणि आम्हा दोघांना दोन बाजूंनी धरायला लावून चाक बरोबर एक फेरा फिरवलं. मग काकूंच्या शिवणाच्या टेपनं मोजलं. दोन मीटर आणि सतरा सेंटिमीटर. पुन्हा मोजलं, सोळा आलं. ते एक सेंटिमीटर कुठं गेलं या चर्चेत दुपारचे बारा वाजले. एवढं करून रंकाळ्याचा फेरा किती भरला ते मात्र कुणाला आठवत नाही, कारण मोजायच्या दिवशी आबा मध्येच ओळखीच्या माणसाबरोबर गंगावेशीला दूध प्यायला गेले. तिथं कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, धार ग्लासात पडते आणि फेसासकट ग्लास हातात येतो. अशा वेळी यंत्र बंद करायचं कुणाच्या लक्षात राहणार?

शनिवारी संध्याकाळी आबा टेहळणीला जातात. कुठं खडी सांडलीय, कुठं गतिरोधक उंच आहे, कुठल्या कोपऱ्यावर वडाप रिक्षा अंगावर येतात, हे सगळं वहीत. काठावरच्या कुत्र्यांना बिस्किटं घालून येतात. याला ते तह म्हणतात. म्हशींशी तह होत नाही. म्हशीला मोटारीचा हॉर्न कळतो, सायकलची घंटी कळत नाही, हे त्यांचं अनुभवाचं वाक्य वहीत पहिल्या पानावर आहे. रात्री नऊला कॉलनीच्या ग्रुपवर सूचना पडतात. सूचना क्रमांक चार: साडी चालेल, पदर खोचावा, चेनकव्हर नसल्यास पंजाबी ड्रेस. सूचना क्रमांक सात: नाश्ता फेरीनंतर. ही सातवी सूचना ठळक अक्षरांत असते, आणि या गावात ती कधीच पाळली जात नाही.

रविवारी सहाला आबा शिट्टी गळ्यात अडकवून उभे. सव्वासहाला पेपरवाला आला, तो त्यांना पहिला सदस्य वाटला. साडेसहानंतर सायकली बाहेर यायला लागल्या. एखाद्या घराची खरी स्थिती पाहायची असेल तर त्याची सायकल बघावी. एका हॅन्डलवर गेल्या पंचमीपासून दोरी बांधलेली आणि दोरीवर टॉवेल. एका सायकलच्या कॅरिअरला कांद्याचं पोतं टेकलेलं, ते काढल्यावर सायकल स्वतःहून आडवी झाली. एकीची सीट दहा वर्षांच्या मुलाच्या उंचीला लावलेली आणि तो मुलगा आता इंजिनिअरिंगला. बापानं तीच चालवायची ठरवली, तेव्हा त्याचे गुडघे कानाला लागत होते. आबांनी पाना काढला. "टाच पायडलवर ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. मग सीट बरोबर." बाप टाच ठेवून सरळ झाला आणि त्याच्या पँटची शिवण गेली. तो कपडे बदलायला गेला, परत आला नाही.

मग हवा. आबांचा पंप भारी, काटा लावलेला. पण त्यांच्या सायकलचा व्हॉल्व्ह बारीक नवा, आमच्या सायकलींचे जुने, आतून रबराची वॉल्व्ह ट्यूब चढवलेले, आणि लहान पोरांच्या सायकलींचे तिसरेच, मोटारसायकलसारखे. पंपाचं तोंड एकाला बसलं. शेवटी पेपरवाल्यानं आपला पाच वर्षं जुना पायपंप दिला आणि सगळ्यांत हवा भरली. त्याला आबांनी सदस्यत्व देऊ केलं. त्यानं पेपर टाकायचे आहेत म्हणून नम्रपणे नाकारलं. हा माणूस रोज आमच्या सगळ्यांच्या मिळून होईल त्यापेक्षा जास्त सायकल चालवतो, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

माझ्या वाट्याला जिन्याखालची ॲटलास. वीस किलोच्या वर वजन, ब्रेकच्या जागी लोखंडी सळया, सीटच्या स्प्रिंगा अशा की खड्ड्यात गेल्यावर माणूस आधी खाली जातो, मग वर येतो, आणि सायकल तोवर पुढं गेलेली असते. पण चालायला लागल्यावर ती थांबत नाही. मी थांबवायचा प्रयत्न केला, सळयांनी ऐकलं नाही.

निघालो सात वाजून गेल्यावर. पुढं दोन पोरं, मध्ये बायका आणि गप्पा, मागं पुरुष आणि ढेऱ्या, सर्वांत शेवटी आबा. इथं मला त्यांच्याविषयी एक चांगलं बोलायचं आहे, ते आत्ताच बोलतो, कारण पुढं जागा मिळणार नाही. आबा कधीच पुढं जात नाहीत. त्यांची सायकल सर्वांत वेगाची, पाय साठीनंतरही दणकट, पण ते सर्वांत लहान चाकाच्या मागं राहतात. त्या दिवशी लहान चाक होतं सहा वर्षांच्या एका मुलीचं, सोळा इंची, बाजूला आधाराची दोन चाकं. तिची आई म्हणाली, "अगं लवकर चल, सगळे थांबलेत." आबांनी आईलाच थांबवलं. "वहिनी, तुम्ही एक पायडल मारता तेव्हा तिला दोन मारावी लागतात. वर थोडं. म्हणजे आपण एक फेरी मारणार, ती दोन मारणार. तिला लवकर चल म्हणायचं नाही." मग त्या मुलीला म्हणाले, "तू लीडर. तुझ्या स्पीडनं सगळे." हा हुकूम तिनं मनावर घेतला. ती प्रत्येक कुत्र्यापाशी थांबली. तह झालेली कुत्री होती, तीही थांबली.

रंकाळ्याच्या काठी नंदीची एक गोष्ट सांगतात. हा नंदी म्हणे रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, आणि ज्या दिवशी तो तलावाला पोचेल त्या दिवशी जगबुडी. आमचा वेग साधारण तोच होता. फरक इतकाच की आम्ही गव्हाएवढं पुढं गेलो की कुणाची तरी चप्पल पडायची आणि सगळे तांदळाएवढं मागं यायचे.

दर थांब्याला आबा माहिती देतात. इथं पूर्वी दगडाची खाण होती, मोठा भूकंप झाला आणि पाणी लागलं असं म्हणतात. तो पाण्यातला दगडी मंडप म्हणजे संध्यामठ, पाणी उतरलं की सगळा दिसतो. तो शालिनी पॅलेस, १९३१ ते १९३४ मध्ये बांधला, राजकन्येच्या नावानं. बाया म्हणतात, "हो की, माझ्या मावसबहिणीच्या दिराचं लग्न तिथल्या बाजूलाच झालं, काय जेवण होतं!" आणि इतिहास तिथून पांढऱ्या रश्श्याकडं वळतो. आबांना याचं वाईट वाटतं, पण फार नाही. त्यांनाही त्या लग्नाचं बोलावणं होतं.

चौपाटीच्या थोडं अलीकडं एका सायकलचं मागचं चाक बसलं. आबांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. ही जात पंक्चरसाठीच तर जगत असते. पाठीवरची पिशवी उतरली. त्यातून टायर काढायच्या तीन पट्ट्या, पॉलिश पेपर, सोल्युशनची ट्यूब, लाल कडांचे पॅच. "पाच मिनिटं. पोरांनो, या, शिका." सायकल उलटी झाली, टायर निघाला, ट्यूब बाहेर आली. आबांनी ती गालाजवळून फिरवली. हवा कुठून लागते ते गालाला कळतं म्हणे. लागली नाही. पाणी पाहिजे. जवळच एका गाडीवाल्याची बादली होती. आबांनी ट्यूब बुडवली आणि गाडीवाला ओरडला, "ओ आबा! पाणीपुरीचं पाणी हाय ते!"

मग तलाव. चार-साडेचार किलोमीटर घेराचं पाणी समोर, पण काठाला केंदाळ इतकं की बुडबुडा दिसायचा नाही. शेवटी कुणाच्या तरी मुलाच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी धारेनं ट्यूबवर ओतून भोक सापडलं. आबांनी भोकाभोवती पॉलिश पेपर घासला, सोल्युशन बोटानं पसरवलं आणि हात वर केले. "आता वाळू द्यायचं. ओल्या सोल्युशनवर पॅच लावला की सुटतोय. सगळे इथंच चुकतात. घाई." हे त्यांचं अगदी खरं आहे. चकाकी जाऊन बोटाला चिकटेनासं झाल्यावरच पॅच दाबायचा असतो. पण सातवी सूचना त्या वाळण्यात वाहून गेली. पाच मिनिटांत निम्मी फेरी भेळेच्या गाडीपाशी होती. कणसं भाजायला टाकली होती. एक उंटवाला आला आणि दोन पोरं सायकली टाकून उंटावर बसली. "सायकल डेला उंट!" आबा म्हणाले. पण हातात ट्यूब असल्यामुळं त्यांना उठता आलं नाही.

पॅच बसला, टायर चढला, हवा भरली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शंभर पावलांवर चाक पुन्हा बसलं.

झाडाखालचा पंक्चरवाला इतका वेळ हे सगळं विडी ओढत पाहत होता. त्यानं सायकल घेतली, टायर सोडवला, आणि ट्यूबकडं बघितलंसुद्धा नाही. टायरच्या आतून बोट फिरवलं, सावकाश, एक अख्खा फेरा. एका जागी बोट थांबलं. चिमट्यानं बाभळीचा काटा उपसला आणि आबांच्या तळहातावर ठेवला. "आधी ह्यो काढायचा असतोय, आबा. न्हाईतर किती बी चिकटवा." आबांनी काटा खिशात ठेवला. वहीत नोंद झाली असणार. पैसे द्यायला गेले तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. सकाळ चांगली गेली."

यानंतर फेरी म्हणून काही शिल्लक राहिलं नाही. आजी जावळाच्या गणपतीला रिक्षानं जाऊन, दर्शन घेऊन, परत घरी पोचल्या होत्या. नव्या जोडप्यानं आपल्या सायकली आमच्याकडं सोपवल्या आणि ते कट्ट्यावर बसून राहिले. त्यांच्यापुरती फेरी यशस्वी होती. काकू स्कूटरवरून पोह्यांचा डबा घेऊन आल्या. त्या कधीच सायकलवर बसत नाहीत, पण दरवर्षी फेरी जिथं मोडेल तिथं बरोबर डबा घेऊन पोचतात. ठिकाण कसं कळतं विचारलं तर म्हणाल्या, "ह्यांचा पंप वाजायला लागला की लांबूनच ऐकू येतोय."

फेरी पूर्ण केली ती फक्त त्या सोळा इंची चाकानं आणि तिच्या मागं आबांनी. बाकी आम्ही कणसं खात होतो. ती दोघं वळणावरून येताना दिसली तेव्हा ढग भरून आले होते, मुलगी अखंड बोलत होती आणि आबा अखंड हो म्हणत होते. तिनं सगळ्यांना सांगितलं की तलाव संपला. मग आइस्क्रीम मागितलं. आईनं आबांकडं पाहिलं. आबांनी एकदम पुढच्या चाकाची हवा तपासायला घेतली.

पाऊस आलाच. टपरीच्या पत्र्याखाली सगळे दाटीनं उभे, सायकली बाहेर भिजतायत, कुणाच्या तरी डब्यातले पोहे हातोहात फिरतायत. असल्या वेळी शहाणा माणूस गप्प राहतो. आबांनी पिशवीतून वही काढली, ती पावसापासून वाचवायला पोटाशी धरली आणि म्हणाले, "आज कसं, सगळ्यांनी सोप्पं केलं. आता पुढच्या रविवारी पन्हाळा धरू."

कुणीच काही बोललं नाही. मग त्या मुलीच्या आईनं विचारलं, "आबा, पन्हाळ्याला चढ आहे ना हो?"

"एकच," आबा म्हणाले. "आणि येताना तर तोच उतार होतोय की."